वाऱ्याच्या वाडीत

साताऱ्याहून परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत कंदी पेढे निघाले नाहीत, तर तो साताऱ्याला गेला होता ह्यावर आमच्या आळीत कुणी विश्वास ठेवत नाही. अजिंक्यतारा, सज्जनगड आणि कंदी पेढे ही साताऱ्याची तीन जुनी ओळखपत्रे. गेल्या पंचवीसेक वर्षांत त्यांत चौथ्याची भर पडली आहे. ठोसेघरच्या धबधब्यापुढे गाडी चढू लागली की डोंगरमाथ्यावर पांढरे उंच खांब दिसू लागतात आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर तीन पाती सावकाश फिरत असतात. सहलीला येणारी मंडळी त्यांच्याखाली उभी राहून फोटो काढतात, मक्याचे कणीस खातात आणि परततात. हे पंखे इथे का आले, कुणाच्या हुकुमाने आले, हा प्रश्न कणीस खाताना सहसा पडत नाही. मलाही तो पडला नसता, पण पठारावरच्या एका वाडीतला मुलगा आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मराठी शिकत होता आणि त्याने ‘माझे गाव’ ह्या विषयावरील निबंधात एकच वाक्य धड लिहिले होते : ‘आमच्या गावात वारा पिकतो व तो बाहेरगावी जातो.’

आषाढात तो म्हणाला, “सर, यायचं तर आत्ता या. उन्हाळ्यात आमच्याकडं बघण्यासारखं काही नसतं.” पावसात डोंगरावर जाण्याची कल्पना आमच्या सौभाग्यवतींना पसंत नव्हती. पण नववीतल्या कन्येला शाळेतून विजेवर प्रकल्प करायला सांगितला होता आणि मुलांचे प्रकल्प हे हल्ली आईवडिलांनाच करावे लागतात. सोबतीला आमच्या कॉलेजातले फिजिक्सचे प्राध्यापक आले. मराठीच्या माणसाला विजेतले काही कळत नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. ते मत ते प्रवासात वेळोवेळी बोलून दाखवतात.

साताऱ्यात बोगदा ओलांडला की शहर मागे राहते. डाव्या-उजव्या हाताला भाताची खाचरे, खाली उरमोडी धरणाचे पाणी, आणि समोर सज्जनगड. समर्थांच्या समाधीला खालूनच हात जोडून आम्ही पुढे निघालो. ठोसेघरला धबधबा ऐकू आला, दिसला मात्र नाही. धुके इतके दाट होते की दरीच्या कठड्याशी उभे राहून सौ.ने “छान आहे हो,” म्हटले, ते निव्वळ श्रद्धेने. पुढे चाळकेवाडी. इथे झाड असे फारसे नाही. काळा कातळ, त्यावर पसरलेले हिरवे गवत आणि गवताला एका दिशेने विंचरीत जाणारा वारा. छत्री उघडण्याचा प्रयत्न फिजिक्सच्या प्राध्यापकांनी केला. छत्री उलटी झाली आणि तिच्याकडे पाहून ते समाधानाने म्हणाले, “बघा, ऊर्जा!”

धुक्यातून पंखा आधी ऐकू येतो. धोब्याने ओले कापड दगडावर आपटावे, तसा फस्स, फस्स असा आवाज. मग एकदम डोक्यावरून एखादे पाते खाली उतरते आणि पुन्हा ढगात नाहीसे होते. कन्या क्षणभर माझ्या मागे लपली. आमचा विद्यार्थी हसला. त्याच्या वयाची मुले ह्या आवाजातच पाळण्यात झोपलेली.

फिजिक्सवाल्यांनी तिथेच उभे राहून तास घेतला. पावसाळी वारा अरबी समुद्रावरून येतो, सह्याद्रीला अडतो, वर चढतो आणि माथ्यावरून जोराने सुटतो. म्हणून हे पठार. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून जागा निवडताना जराशा वेगाचाही एवढा विचार. पात्यांमागच्या पेटीत जनित्र असते. तिथली वीज खाली उतरते, रोहित्रातून तिचा दाब तेहतीस हजार व्होल्टपर्यंत चढवतात आणि तारांवरून उपकेंद्राकडे रवाना करतात. वारा अगदी मंद असला तर पंखा उभा राहतो, आणि वादळ झाले तर पाती वाऱ्याला पाठ देऊन आपणहून थांबतात. “म्हणजे शहाण्या माणसासारखा,” मी म्हणालो. “हा बाराशे पन्नास किलोवॉटचा,” माझ्याकडे दुर्लक्ष करून ते म्हणाले. “पुऱ्या जोराने तासभर फिरला तर साडेबाराशे युनिट. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराची वर्षभराची वीज एका तासात.” कन्येने हे वहीत टिपून घेतले. प्रकल्प निम्मा झाला.

पण पंखे इथे का आले, ह्याचे उत्तर वाऱ्यात निम्मेच आहे. वारा ह्या डोंगरावर शिवकाळापासून, त्याच्याही आधीपासून वाहतच होता. बाकीचे निम्मे उत्तर सरकारी कागदात आहे. नव्वदीच्या दशकात पवनचक्की उभारणाऱ्याला तिची सगळी किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करता येई. त्यामुळे ज्यांचा विजेशी काडीचा संबंध नव्हता, अशा धंद्यांनीही कर वाचवण्यासाठी पंखे घेतले. पंखा उभा राहिला म्हणजे काम झाले. तो फिरतो किती, ह्याची फिकीर थोड्यांना. पुढे २००३ साली दोन गोष्टी घडल्या. देशाचा नवा वीज कायदा आला. त्याच्या ८६व्या कलमाने राज्याच्या वीज नियामक आयोगावर अशी जबाबदारी टाकली, की वीज वितरण कंपन्यांनी आपल्या एकूण विजेचा अमुक एक हिस्सा वारा, ऊन, उसाचा चोथा, लहान जलप्रवाह अशा न संपणाऱ्या साधनांतून घ्यावा, हे आयोगाने ठरवून द्यावे. आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या आयोगाने वाऱ्याच्या विजेला भाव बांधून दिला : पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये, नंतर दरवर्षी पंधरा पैशांची वाढ, आणि करार तेरा वर्षांचा. आता पैसे मिळणार होते ते फिरणाऱ्या पंख्याचे, नुसत्या उभ्या पंख्याचे नव्हे.

सक्तीचा आकडा आला तो २००६ मध्ये. त्या वर्षासाठी तीन टक्के, आणि २००९-१० पर्यंत वाढत वाढत सहा. २०१०च्या नियमांनी तो नवापर्यंत नेला, २०१९च्या नियमांनी २०२४-२५ साठी पंचवीसपर्यंत. आजोबांनी घरात फर्मान काढावे, की रोजच्या भाकरीत आजपासून मूठभर नाचणीचे पीठ पडलेच पाहिजे आणि ती मूठ दर संक्रांतीला मोठी झाली पाहिजे, तसा हा प्रकार. खाणाऱ्याला कुणी विचारीत नाही. जाब द्यावा लागतो तो स्वयंपाकघराला. ज्या कंपनीला नाचणी मिळत नाही, तिच्यासाठीही सोय आहे. ज्याला स्वतः पंढरीला जाणे जमत नाही, तो वारकऱ्याच्या हाती बुक्क्याचे पैसे देतो. तशी ही कंपनी दुसऱ्याने कुठेतरी केलेल्या अशा विजेचे प्रमाणपत्र विकत घेते. एक प्रमाणपत्र म्हणजे एक हजार युनिट. २०११ पासून त्यांचा रीतसर बाजार भरतो. ही युक्ती आपल्याकडचीच आहे असे नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्याने १९८३ सालीच आपल्या दोन वीज कंपन्यांना एकशे पाच मेगावॉट अशी वीज घेतलीच पाहिजे, असा कायदा केला होता.

हे सगळे ऐकत आम्ही विद्यार्थ्याच्या घरी पोचलो. घर कौलारू, ओसरी शेणाने सारवलेली, पावसाच्या बाजूला गवताच्या झडपा बांधलेल्या. आत चूल पेटली होती, आणि कंदील. “लाईट दुपारीच गेली,” विद्यार्थी जराशा संकोचाने म्हणाला. ओसरीवरून पाहिले तर धुके विरळ झाले होते आणि समोरच्या सड्यावर सात पंखे झपाट्याने फिरत होते. कन्येने पंख्यांकडे पाहिले, कंदिलाकडे पाहिले आणि वही मिटली. फिजिक्सवाल्यांनी समजावले, की पंख्यांची लाइन वेगळी, ती मोठ्या दाबाने थेट उपकेंद्राला जाते. वाडीची लाइन वेगळी, ती खालून लांबून येते आणि पावसात एखादी फांदी पडली की बंद होते. समजावणे शास्त्रशुद्ध होते. चुलीपाशी बसलेल्या आजी म्हणाल्या, “म्हंजी गाय आमच्या दारात आन् दूध डेरीला.” त्यावर प्राध्यापक काही बोलले नाहीत.

आजी ऐंशीच्या घरात. त्यांचे माहेर कोयनेच्या काठी होते. धरण झाले, शिवसागराचे पाणी चढले आणि गाव खाली गेले. त्या वेळी त्या लग्न होऊन वर पठारावर आल्या होत्या. भाऊबंद मात्र उठून दूर गेले. मग पंचेचाळीस-एक वर्षांनी पठारावर जीपगाड्या आल्या. सडा तो, त्यावर गवताखेरीज काही पिकत नसे. घरच्या माणसांनी तो गवताच्याच भावाने दिला. “माझं म्हायेर पान्यात गेलं आन् सासर वाऱ्यात,” आजी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात रडगाणे नव्हते. हातातली भाकरी त्यांनी तेवढ्यात तव्यावर उलटली.

जेवणे झाल्यावर विद्यार्थ्याच्या आईने मूळ गोष्ट काढली. आम्हांला बोलावण्यामागे हीच गोष्ट होती, हे तेव्हा लक्षात आले. मुलाला पंख्यांच्या देखभालीच्या कामावर बोलावणे आले होते. कमरेला पट्टा बांधून, शिडीने साठ-सत्तर मीटर वर चढायचे, पेटीत बसून तेल, बोल्ट, तारा बघायच्या. पगार बरा होता. वडील पंख्यांवरच राखणदार होते, पण त्यांच्या गुडघ्यांनी आता दगा दिला होता. “सर, तुमी शिकल्याली मानसं,” ती म्हणाली. “पोराला कॉलेज सोडून वर चढवू का? आन् चढवलं तर ही चाकरी किती वर्सं टिकंल? तेवढं सांगा.”

वर्गात ज्ञानेश्वरीवर प्रश्न आला तर उत्तर देता येते. हा प्रश्न वेगळा होता. “उद्या सांगतो,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. रात्रभर कौलांवर पाऊस आणि त्यामागे तो फस्स, फस्स आवाज. सौ. कुजबुजली, “एवढा लहान पोर, एवढ्या उंच चढणार?” तिला झोप लागली नाही, आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा आम्हांला वनकुसवड्याच्या बाजूला घेऊन गेला. अकराशे मीटरांहून उंच असे हे पठार. इथे पंख्यांची अक्षरशः पलटण उभी आहे. दहाच्या सुमारास ढग फाटले आणि खाली कोयनेचे पाणी दिसले, लांबच लांब, डोंगरांच्या बोटांत शिरलेले. १९६२ साली पोफळीच्या भूमिगत वीजगृहातले पहिले जनित्र सुरू झाले. आज कोयनेचे सारे टप्पे मिळून जवळजवळ दोन हजार मेगावॉटची क्षमता आहे. फिजिक्सवाले म्हणाले, की ही जोडी निसर्गाने फार विचार करून जमवली आहे. वाऱ्याला ‘आत्ता ये’ म्हणता येत नाही. कोयनेचे जनित्र मात्र मिनिटांत चालू करता येते. वारा असेल तेव्हा पाणी राखावे, वारा पडला की पाणी सोडावे.

मात्र ह्यातली गंमत अशी, की सक्तीच्या हिशेबात ह्या दोघांची बरोबरी नव्हती. २०१०च्या नियमांत पंख्याची वीज धरली जाई, पंचवीस मेगावॉटपर्यंतच्या लहान जलविद्युत केंद्राची धरली जाई, कोयनेची नाही. पाणी तेच, पाऊस तोच. पण कोयना मोठी आणि जुनी. नवे पंखे उभे राहावेत हा नियमाचा हेतू होता, जुन्या धरणाला शाबासकी द्यावी हा नव्हता, असे त्याचे समर्थन करता येते आणि ते खोटे नाही. पुढे ८ मार्च २०१९ ला केंद्र सरकारने मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही ह्या पंगतीत बसवले, आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेत जुन्या जलविजेलाही पान मांडले. त्याच अधिसूचनेने साऱ्या देशासाठी आकडा ठरवला : २०२४-२५ साठी २९.९१ टक्के, आणि २०२९-३० साठी ४३.३३. आता हा आकडा चुकवणाऱ्याला दंडही आहे.

कागदावर काय मोजावे, हे पुन्हा पुन्हा ठरवता येते. आजींचे माहेर मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

परतताना मी मुलाला सरळ विचारले, “बी.ए. अर्ध्यावर का सोडतोस?” तो अदबीने म्हणाला, “सर, बी.ए. होऊन मी काय करणार? मराठी शिकवणार?” फिजिक्सवाल्यांना खोकला आला. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. मग मुलगाच म्हणाला, “मला वर चढायला आवडतं, सर. एकदा गेलो होतो. पेटीचं झाकण उघडून उभं राहिलं की एका बाजूला कोयना दिसते आणि दुसऱ्या बाजूला आमचं घर. खालून दिसत नाही तसं.”

संध्याकाळी ओसरीवर त्याच्या आईला मी उत्तर दिले. जेवढे खरे होते तेवढेच सांगितले. म्हटले, सरकारचा आकडा दरवर्षी वाढतो आहे, तेव्हा अशा विजेचे काम देशात कमी होणार नाही. पण आकडा किती वीज हवी ते सांगतो. ती कुठून आणावी ते सांगत नाही. आज ऊन वाऱ्यापेक्षा स्वस्त पडते आणि त्यासाठी सपाट माळ पुरतात. पंख्याचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे असते. इथले पुष्कळसे पंखे त्या वयाला आले आहेत. त्यांचे तेरा वर्षांचे जुने करारही संपले आहेत. जुने काढून मोठे नवे बसवावेत असे धोरण आहे. मोठे बसले तर थोडे बसतील, आणि थोड्यांना माणसेही थोडी लागतील. तेव्हा जो नुसता बोल्ट आवळतो त्याची नोकरी आधी जाईल. ज्याच्या हातात शिक्षणाचा कागद असेल तो टिकेल.

ती बाई शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, “म्हंजी कायद्यात आकडा हाय, आमची वाडी न्हाई. असंच ना?”

“असंच,” मी म्हणालो.

“मग वाडीचं आमालाच बघाया पायजे,” ती म्हणाली आणि उठून चहाचे आधण ठेवले. त्या रात्री निर्णय झाला तो तिचा. मुलाने कामाला लागावे, पण बी.ए. सोडू नये, मुक्त विद्यापीठातून पुरे करावे. आणि साहेबांकडून यंत्राचे शिक्षण मागून घ्यावे, पगारवाढीच्या आधी. चढताना पट्टा दोनदा तपासावा, ही अट आमच्या सौ.ने घातली.

परतीच्या वाटेवर आम्ही पाटणवरून कऱ्हाडला उतरलो. खाली दोन्ही बाजूंना ऊस. त्या उसाच्या चोथ्यावर साखर कारखाने वीज करतात आणि तीही ह्याच हिशेबात जमा होते. प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोरून येऊन भेटतात. कन्येने विचारले, “बाबा, आपल्या घरात येते ती वीज पंख्याची की कोळशाची?” फिजिक्सवाले उत्तर देणार होते, पण ह्या वेळी मी त्यांना थांबवले. घाटाच्या खालच्या अंगाला तांब्या बुडवून तिच्यापुढे धरला आणि म्हटले, “ह्यातली कोयना कोणती आणि कृष्णा कोणती, सांग.” तारेचेही तसेच आहे. एकदा मिसळल्यावर कुणाला ओळखता येत नाही. म्हणून मोजणारा संगमाच्या वर बसतो. कोणत्या नदीने किती दिले, ते वरच लिहून ठेवतो. सारी सक्ती, सारी टक्केवारी ती त्या वरच्या वहीत. आपण खालून पाणी भरतो आणि बिल देतो.

“मराठीच्या माणसाला विजेतले थोडे कळते,” फिजिक्सवाले म्हणाले. ती मी पदवी समजतो.

मुलगा आता कामावर आहे. मी त्याला क्रमिक पुस्तके पाठवली. दर रविवारी तो फोन करून शंका विचारतो. बहुतेक शंका व्याकरणाच्या असतात. परवा त्याने वरूनच, पेटीत बसून फोन केला. आवाजात वारा भरला होता.

“घरी सगळे ठीक?” मी विचारले.

“ठीक, सर. आजी बरी आहे. लाईट कालपासून नाही,” तो म्हणाला, “पण वारा चांगला आहे.”